थांबल्यांची आई

“सुपारीला मी अक्षत ठेवणार न्हाई,” असं म्हणून हौसाआत्यानं कुंकू लावलेल्या तांदळाची वाटी बापूंच्या पुढ्यात सरकवली. “पोरगी तुझी हाय. तूच ठेव. आणि ठेवणार असशील तर मी मांडवात पाय टाकत न्हाई, आत्ताच सांगतो.”

आमच्या इचलकरंजीकडे बायकाही ‘मी सांगतो, मी जातो’ असंच बोलतात. परगावच्या माणसाला त्याची गंमत वाटते. त्या दिवशी मात्र गंमत वाटण्यासारखं काही नव्हतं. माझं लग्न पंधरवड्यावर आलं होतं, आणि जिनं मला लहानाचं मोठं केलं तीच बाई लग्नाला येत नाही म्हणून बसली होती.

बापू, म्हणजे माझे वडील, कपाळाला हात लावून म्हणाले, “हौसे, आजवर सगळ्यांच्या लग्नाची पहिली अक्षत ह्या सुपारीलाच गेली. बाचं लग्न झालं, माझं झालं, तुझं झालं.”

“झालं की. आणि काय झालं ते बघितलंस की.”

आत्याच्या अंगाची हळद उतरते न उतरते तोच तिचा नवरा गेला होता आणि ती माहेरी परत आली होती. पुढे बापूंचं लग्न झालं आणि माझी आई मला जन्म देऊन गेली. आत्यानं या दोन्हींचा मेळ आपल्या परीनं घातला होता. लग्नाची पहिली अक्षत कुलदैवताला जाते, आणि आमच्या घराण्याचं कुलदैवत कुठलं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. समाजाची देवी चौंडेश्वरी होतीच, ती सगळ्या कोष्ट्यांची. पण घराण्याची म्हणून जी असते, तिच्या जागी आमच्या देव्हाऱ्यात एक सुपारी होती. नाव नाही, गाव नाही. “जिला आवतणच न्हाई ती आई कशाला राखंल?” असं आत्या म्हणायची.

आडनावावरून शोध लागावा तर आडनावही तसलंच. थांबे. कुणाचं आडनाव गावावरून पडतं, कुणाचं धंद्यावरून. आमचं म्हणे कुणी पूर्वज कुठंतरी थांबला म्हणून पडलं. कुठं थांबला, का थांबला, कुणालाच माहीत नाही. आजोबा कृष्णाकाठच्या एका खेड्यातून इचलकरंजीत मागावर आले, त्यामागचं सगळं कोरं. शाळेत गुरुजी हजेरी घेताना माझ्या नावाशी हटकून थांबायचे आणि वर्ग हसायचा. एस.टी.च्या प्रत्येक खांबावर ‘थांबा’ लिहिलेलं असायचं, तर मैत्रिणी म्हणायच्या, “माले, तुमची इस्टेट लई पसरलीय गं.” मला हे आडनाव लग्नात सुटणार याचा, खरं सांगायचं तर, आनंदच होता.

आत्याचं घोडं पुन्हा आत्ताच अडण्याला कारण होतं. माघात आमच्या गल्लीत एका लग्नाचा गोंधळ झाला. गोंधळी लांबचा होता, म्हातारा. संबळाच्या ठेक्यावर एकेका देवाला तो बोलावत होता. तुळजापूरची भवानी, गोंधळा या. कोल्हापूरची अंबाबाई, गोंधळा या. मध्येच तो म्हणाला, हिंगणसूळची थांबल्यांची आई, गोंधळा या. आत्या माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझा दंड असा धरला की वळ उठला. सकाळी तिनं त्या म्हाताऱ्याला चहाला बोलावून नुसतं पिळून काढलं.

“मला बापानं शिकवलं तसं मी म्हणतो, बाई,” तो म्हणाला. “तिकडं गेलो न्हाई कधी. बार्शीच्या पुढं कुटंतरी हाय. चैताच्या पुनवेला जत्रा असती. थांबलेले कोन, ते मला न्हाई ठाव.”

एवढ्यावर आत्यानं मनात सगळं ठरवून टाकलं होतं. बापू तिची थट्टा करत होते. “थांबे आणि थांबल्यांची, एवढ्यानं देवी आपली झाली व्हय? मग उद्या एस.टी. स्टँडावर जाऊन ओटी भरून ये.” पण मी आत्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, “मी जाते हिच्यासंगं. पुनव परवाच आहे. नसली आपली तर परत येऊ. असली तर अक्षत देऊन येऊ.”

“मग तूबी चल,” आत्या बापूंना म्हणाली.

बापूंचे दोन माग होते आणि आपल्या मागावरचा बीम, म्हणजे उभं सूत गुंडाळलेला रूळ, ते कधी दुसऱ्याच्या हाती देत नसत. “बीम चढवलाय कालच,” ते म्हणाले. “असा सोडून कसा येऊ? तेवढा उतरू दे, मागनं येतो.” हे आत्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. आजोबाही तसेच होते म्हणे, घरात लग्न असो की मयत, मागावरचं कापड उतरल्याशिवाय उठायचे नाहीत.

मिरजेहून तेव्हा लातूरला छोटी गाडी जायची. चढ आला की इतकी हळू व्हायची की लोक उतरून लघवीला जाऊन परत चढायचे. आत्या खिडकीशी बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत खण, नारळ आणि ती अक्षतांची वाटी, वर फडकं बांधलेली. सबंध प्रवासात तिनं पिशवी खाली ठेवली नाही. तहान लागली तरी एका हातानंच पाणी प्यायली.

“आत्या, नसलीच आपली तर?” मी विचारलं.

“मग तू लग्न करून घे,” ती म्हणाली. “मी घरात बसून मागाच्या कांड्या भरतो. माझ्या पायगुणानं तुझं काय व्हायला नको.”

हे ती अगदी सरळ म्हणाली. तोवर मला वाटत होतं, ती हट्टानं रुसलीय. ती रुसली नव्हती, भ्यालेली होती. माझ्या आईचं जे झालं ते माझं होईल म्हणून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि त्यावर तिला एकच इलाज ठाऊक होता, पहिली अक्षत खऱ्या कुलदैवताला पोचवणं. बाहेर ज्वारी काढून झालेली रानं उन्हात पडली होती. मी तिचा हात हातात घेतला तर तो चैत्रातही गार होता.

बार्शीला रात्री धर्मशाळेत पडलो आणि सकाळी एस.टी.नं निघालो. हिंगणसूळ फाट्यापासून आत होतं, पण जत्रेमुळे गाडी थेट गावात गेली. गाव लहानसंच. वेशीतून शिरलो तर हलगी वाजत होती, घराघरातून पुरणाचा वास येत होता, आणि माणसं सगळी एकाच बाजूला चालली होती. आम्हीही त्यांच्या मागून गेलो.

गावाच्या दक्षिण टोकाला जुना दगडी चौथरा होता. वर छप्पर नाही, भिंत नाही. चौथऱ्यावर कमरेएवढी देवी उभी होती. आणि आमच्याकडे तिची पाठ होती.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, शेंदूर लावलेला नुसता दगड असेल. मग खांद्यांचा आकार दिसला, मानेवरचा अंबाडा दिसला. गावातून येणारा प्रत्येक माणूस आधी तिची पाठच बघत होता. आत्या चालता चालता थबकली.

“पाठ फिरवलीय,” ती म्हणाली.

“आत्या, पलीकडून जाऊ ना. तोंड पलीकडे असणार.”

“नको.”

“अगं, लोक जातायत की सगळे.”

“त्यांची असंल ती. मी एवढ्या लांबनं आलो आणि तिनं पाठ दावली, ह्यात काय ते आलं. जिनं तोंड फिरवलं तिच्या म्होरं जाऊन उभं ऱ्हायचं म्हणजे जुलूम हाय, माले. तिला बघायचं असतं तर तिनं बघितलं असतं.”

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलंही नाही, कारण हात पिशवीत गुंतले होते. मी तिला चौथऱ्यापासून जरा बाजूला, एका लिंबाखाली बसवलं. देवावर माझा तेव्हाही फारसा विश्वास नव्हता, पण त्या पाठीचा मला राग आला.

तेवढ्यात एक ठेंगणी, गोरी, तोंडभर सुरकुत्यांची बाई लगबगीनं आली. “का ओ बाई, ऊन बाधलं का?” तिनं विचारलं. सोजरबाई तिचं नाव; जत्रेचा स्वयंपाक तिच्या देखरेखीखाली होता. “कुटलं गाव तुमचं?”

“इचलकरंजी,” आत्या म्हणाली.

“लई लांबून आलात की. आडनाव काय?”

“सातपुते.”

हे काही खोटं नव्हतं. लग्न झालेल्या बाईला आडनाव विचारलं की ती सासरचंच सांगते. आत्या सासरी जेमतेम नांदली होती, सबंध जन्म थांब्यांच्या घरात गेला होता, तरी तोंडातून सातपुतेच आलं. माझ्याकडे बोट करून म्हणाली, “ही भाची.” भाचीला आडनाव कोण विचारतंय?

“ही देवी कुणाची?” मी विचारलं.

“रहाट्यांची. आमी समदे रहाटे. पूर्वी कोष्टीकाम करायचो, आता शेती करतो.” सोजरबाईनं आत्याचा हात धरून उठवलं. “चला, पंगत बसायलीय. जत्रंत आलेलं परगावचं मानूस हितनं उपाशी जात न्हाई.”

रहाट्यांची. म्हणजे संपलंच; गोंधळ्याला नाव चुकीचं ठाऊक असणार. आत्यानं माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि सोजरबाईच्या मागून चालू लागली. मला वाटलं, जेवू, दुपारच्या गाडीनं परत फिरू, आणि पुढे काय ते बापू बघतील.

पंगत चौथऱ्याच्या पलीकडे होती, देवीच्या समोरच्या बाजूला. तिथून एक जुनी गाडीवाट दक्षिणेला गेली होती, आता कुणाच्या वापरात नसलेली, दोन्हीकडे बाभळी वाढलेल्या. वाटेच्या दोन बाजूंना माणसं मांडी घालून बसली होती. आम्ही शेवटाला, चौथऱ्यापासून लांब बसलो. आत्यानं एकदाही मान वर करून देवीकडे बघितलं नाही. पत्रावळी वाढून झाल्या. पोळी, आमटी, भात, कुरडई. गरम वाफ येत होती, पोरं हात आखडून बसली होती, पण कुणी घास मोडत नव्हतं. मला नवल वाटलं ते चौथऱ्याच्या अगदी पायाशी मांडलेल्या एका पत्रावळीचं. तिच्यावर सगळं वाढलेलं होतं, शेजारी पाण्याचा तांब्या, बसायला घोंगडी, पण बसलेलं कुणी नव्हतं. मला वाटलं, देवीचा नैवेद्य असेल. तर नैवेद्याचं ताट वर, देवीपुढे वेगळं होतं.

मग एक म्हातारा उठला. पांढरं मुंडासं, हातात काठी. “गेनूआबा,” शेजारची बाई कुजबुजली. आबा पंगतीच्या मधून सावकाश चालत आले, आमच्याही पुढे गेले, आणि त्या मोडक्या वाटेवर जाऊन उभे राहिले. दोन्ही हात तोंडाशी धरून त्यांनी त्या रिकाम्या वाटेवर हाक दिली.

“थांबे आले का ओ?”

आयुष्यात कधी न पाहिलेल्या गावात, ओळखपाळख नसलेला एक म्हातारा माझं आडनाव घेऊन रानाला विचारत होता. आणि नुसतं घेत नव्हता. घरातलं माणूस यायला उशीर झाला की दारात जाऊन जसं विचारतात, तसं विचारत होता.

माझ्या शेजारून अगदी बारीक आवाज आला. “आलो.”

पण तो कुणी ऐकला नाही, कारण त्याच वेळी सगळ्या पंगतीनं, बायाबापड्यांनी, पोराटोरांनी, पाठ असलेलं उत्तर एका सुरात दिलं. “न्हाई आले. वाटंवर हायती.” आणि लोकांनी पोळीला हात घातले.

आत्या उभी राहिली. पिशवी छातीशी धरलेली, पदर खांद्यावरून घसरलेला. मी माझ्या या आत्याला मोठ्यानं बोलताना पुष्कळदा ऐकलं होतं, मागाच्या खडखडाटात राहणारं माणूस ते, पण तसा आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता.

“आलो,” ती म्हणाली. “थांबे आलेत.”

सगळे हात जागच्या जागी राहिले. हलगीवाला पोळी तोंडाशी नेता नेता राहिला. आबा वाटेवरून वळले. त्यांना नीट दिसत नसावं. ते काठी टेकत आमच्याकडे आले आणि आत्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघू लागले.

“बाई, ह्याची चेष्टा करीत न्हाईत आमच्यात,” ते हळूच म्हणाले.

“चेष्टा न्हाई करत.”

“आवो, तुमी तर सातपुत्यांच्या म्हनला,” सोजरबाई म्हणाली.

“तुमी विचारलंत, मी सासरचं सांगितलं. माहेर थांबे. ही भावाची लेक. ही तर अजून थांबेच हाय.”

आता सगळे माझ्याकडे बघू लागले. मी उठून उभी राहिले. “मालन थांबे,” मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा ते आडनाव सांगताना मला कुणी हसेल अशी भीती वाटली नाही.

आबांनी विचारलं, “देव कुटला तुमचा?”

आत्याचं तोंड पडलं. एवढी वर्षं ज्या प्रश्नाला ती भीत आली होती तोच तो. “ठाऊक न्हाई,” ती म्हणाली. “तेवढ्यासाठीच तर आलो. आमच्या देव्हाऱ्यात सुपारी हाय नुसती.”

“ठाव कसा असंल, बाई,” आबा म्हणाले. “देव तर आमीच उचलून आनला.”

ते तिथंच वाटेवर बसले. कुणीतरी पाणी दिलं, ते प्यायले, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी आज सांगते आहे. पंगतीतल्या प्रत्येकाला ते पाठ होतं हे त्यांच्या हलणाऱ्या ओठांवरून दिसत होतं.

रहाटे मूळचे इथले नव्हतेच. लांब दक्षिणेला, एका नदीकाठी त्यांची वस्ती होती. सगळे विणकर. दुष्काळ पडला, नदी आटली, गुरं मेली, आणि सगळ्या वस्तीनं एके दिवशी उठायचं ठरवलं. देवी गाडीत घातली. पोरं, भांडी, रहाट, सगळं भरलं. एकच जण तयार होईना. त्याच्या मागावर लुगडं होतं, अर्धं विणलेलं. मागावर ताणा असताना उठायचं नाही आणि ताणा कापायचा तर मुळीच नाही, ही विणकराची रीत. भावांनी समजावलं, बायकांनी हातापाया पडून सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही व्हा पुढं. मी थांबतो जरा. एवढं उतरू दे, मागनं येतो.

आत्यानं माझा हात धरला. आम्ही दोघीही एकमेकींकडे बघायला धजलो नाही. परवाच्या दिवशी, आमच्या सोप्यात, बापू हेच बोलले होते. शब्द न् शब्द हेच.

“मग?” आत्यानं विचारलं.

“मग काय. आमचे लोक म्होरं आले. रोज मुक्कामाला मागं वळून बघायचे. हितं पानी गावलं म्हून हितं ऱ्हायले. आईला बसवायची येळ आली तवा थोरला भाऊ म्हनला, हिचं तोंड गावाकडं नको. हिचं तोंड आलो त्या वाटंला करा. तो यील तवा पैल्यांदा हिला दिसूं दे.” आबांनी काठीनं चौथऱ्याकडे दाखवलं. “लोक म्हनत्यात रहाट्यांची आई गावावर रुसलीया. रुसलेली न्हाई, बाई. वाट बघायलीय.”

मी वर बघितलं. देवीचं तोंड झिजून गुळगुळीत झालं होतं, नाकडोळेही धड उरले नव्हते, पण चांदीचे डोळे बसवले होते ते आमच्या डोक्यावरून थेट वाटेकडे लागले होते. सकाळी आम्ही एस.टी.नं गावातून आलो, चुकीच्या बाजूनं. ही बाई इकडे बघत उभी होती आणि आम्ही मागून आलो होतो.

“पण थांबे हे नाव?” मी विचारलं. “ते तुम्ही ठेवलंत?”

“आमी ठिवलं. त्यांना राहिले म्हनायचं न्हाई असा थोरल्याचा दंडक. राहिला म्हंजे तिथलाच झाला. थांबला म्हंजे यायचा हाय.” आबांनी मान वर केली. “पन एक सांगा मला. आमी हिकडं तुमास्नी थांबे म्हनतो. तुमास्नी तिकडं कुनी सांगितलं?”

“कुणी न्हाई,” आत्या म्हणाली. “आमी आपलं थांबेच.”

मला तो थांबलेला माणूस डोळ्यांपुढे दिसायला लागला. तिकडं तो एकटा, गाव ओस पडलेलं, माग चालवतोय. कुणी वाटसरू विचारतोय की बाबा तू का गेला नाहीस, आणि तो सांगतोय, मी थांबलोय. राहिलोय नाही, थांबलोय. लुगडं उतरलं तेव्हा दिशा कळेना, की दुष्काळानं चालवेना, की दुसरं काही झालं, ते आता कोण सांगणार? पण मुलांना नाव देऊन गेला. मुलांनी पुढच्यांना दिलं. यायचंय हे विसरले, देवी विसरले, नाव तेवढं धरून बसले. मी ज्याची लाज धरत होते ते आडनाव म्हणजे एका माणसानं दिलेला शब्द होता, आणि दोन्हीकडच्यांनी तो न भेटता पाळला होता. मला त्या वाटेवर भर उन्हात गुडघे टेकावेसे वाटले, आणि मी टेकले.

सोजरबाईनं आत्याला चौथऱ्यासमोर आणलं. आत्यानं पिशवीतून खण काढला, नारळ काढला, आणि माझ्यापुढे धरला. “तू भर ओटी. माझं चालत न्हाई,” ती म्हणाली. विधवा बाई ओटी भरत नाही, ते तिच्या हाडीमासी खिळलं होतं.

सोजरबाईनं तिचे हात धरून देवीकडे वळवले. “एवढ्या दिसांनी लेक दारात आली तर आई कुकू बघत बसती व्हय? तुमीच भरा.”

आत्यानं ओटी भरली. मग वाटीवरचं फडकं सोडलं आणि लाल तांदूळ देवीच्या पायांवर वाहिले. तिला गाऱ्हाणं घालायचं होतं, माझं नाव, मुलाचं नाव, लग्नाची तिथी सांगायची होती. गाडीत ती मनाशी घोकत आली होती. पण एवढंच म्हणाली, “आई, लग्नाला या.” आणि देवीच्या पायांवर डोकं टेकून अशी रडली की पंगतीतल्या बायकाही रडायला लागल्या.

मग आबांनी तिला खाली आणलं, त्या घोंगडीवर बसवलं, आणि ती वाढलेली पत्रावळ तिच्यापुढे सारली. मला तिच्या शेजारी बसवलं. आता मला कळलं की ते पान कुणाचं होतं. दरवर्षी वाढायचं, हाक मारायची, आणि कुणी आलं नाही की जेवणं झाल्यावर गाईला घालायचं. आजवर त्या पानावर कुणी बसलं नव्हतं. सगळी पंगत हात आवरून आत्याकडे बघत होती. आत्या पानाकडे बघत होती. पोळीत तूप जिरून गेलं होतं.

“आबा,” तिनं विचारलं, “किती वर्सं वाढताय हे?”

“मोजलं न्हाई, बाई,” आबा म्हणाले. “मोजलं असतं तर वाढायचं थांबलो असतो.”

आत्यानं डोळे पुसले, पोळीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. मग सगळी पंगत जेवायला लागली.